दारू सुटल्यानंतर

(मंडळाच्या वर्धापनदिनी राळेगाव येथे झालेले व्याख्यान)



 अशा प्रसंगी मुलांचे संगोपन, आहारशास्त्र किंवा एखादे संतचरित्र असा प्रसन्न विषय घेण्याची रीत आहे. मी मात्र जरा कडू विषय घेऊन उभी आहे. चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी "दारू" असे सांगितले. "म्हणजे दारूबंदी का?" असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "नाही; दारू सुटल्यानंतरचे दिवस."

दारूबंदीविषयी आपणांस मी काय सांगावे? त्या संबंधीचा कायदा १९४९ सालचा आहे. वर्धा नदी ओलांडली की पलीकडचा वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा जिल्हा आहे. गडचिरोलीत १९९३ साली बंदी आली, आणि तिच्यामागे खेड्यापाड्यांतील स्त्रियांचा मोठा रेटा होता. चंद्रपूरला १ एप्रिल २०१५ पासून बंदी झाली व २०२१ साली ती उठविण्यात आली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही हीच मागणी घेऊन स्त्रियांनी मोर्चे काढले आहेत. परवान्याचे दुकान मतदानाने बंद पाडण्याचा, म्हणजे बाटली आडवी करण्याचा, हक्क तर कायद्यानेच स्त्रियांच्या हाती दिला आहे. ही सर्व कामे मोलाची आहेत व ती चालूच राहिली पाहिजेत. परंतु ज्याच्या शरीराला दारू लागून गेली आहे त्याचे काय करायचे, हा प्रश्न दुकान बंद झाल्यावरही घरात शिल्लक राहतो. आणि तो प्रश्न सोडवायला घरातली बाईच एकटी उरते.

मी पेशाने परिचारिका. नोकरीची सारी वर्षे सरकारी दवाखान्यांत गेली. दारूने खंगलेले पुरुष मी पुष्कळ पाहिले, आणि त्यांच्या खाटेशी बसलेल्या त्यांच्या आया-बायका त्याहून अधिक. त्या मला दोनच प्रश्न विचारीत. पहिला, "याची दारू सुटेल का?" आणि काही महिन्यांनी पुन्हा आल्या म्हणजे दुसरा, "सुटली होती, मग पुन्हा का लागली?" आज मी या दुसऱ्या प्रश्नाविषयी बोलणार आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. दारू पिणारा प्रत्येक जण रोगी नसतो. दिल्लीच्या 'एम्स' संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. दहा ते पंचाहत्तर वयाच्या शंभर माणसांत सुमारे पंधरा जण दारू घेतात, असे तीत आढळले. दारूवाचून राहताच येत नाही अशी अवस्था शंभरात सुमारे तिघांची होती. प्रमाण लहान वाटते, पण देशभराचा हिशेब केला तर ही माणसे पावणेतीन कोटींहून अधिक भरतात. आणि अशा अडतीस माणसांपैकी कसाबसा एक जण उपचारापर्यंत पोचतो. बाकीचे सदतीस जण कोठे असतात? ते आपापल्या घरी असतात. कोणाच्या शिव्या खात, कोणाला शिव्या देत.

या अवस्थेला वैद्यकशास्त्र आजार म्हणते. अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने १९५६ सालीच हे मान्य केले. आपल्या मेंदूत समाधानाची जाणीव देणारी एक व्यवस्था आहे. भुकेल्याला भाकर मिळाली, दमलेल्याला सावली मिळाली, की ती जागी होते. दारू या व्यवस्थेला बाहेरून आणि फार जोराने ढवळते. वर्षानुवर्षे असे झाले म्हणजे मेंदूचे साध्या सुखांनी भागेनासे होते. पहिल्याइतकी नशा यायला अधिक दारू लागते, आणि न मिळाली तर शरीर बंड करून उठते. दारू सोडली तरी मेंदूतील हा बदल लगेच नाहीसा होत नाही. जुना रस्ता, जुना सोबती, ग्लासांचा आवाज एवढ्यानेही महिनोन्‌महिने ती ओढ जागी होऊ शकते. म्हणून "एवढी शपथ घेतली, देवासमोर नारळ फोडला, तरी पुन्हा प्याला, याला लाजच नाही," असे जे आपण म्हणतो, ते पुरते खरे नाही. त्याची शपथ त्या दिवशी बहुधा खरी असते. पण शपथ एका दिवसाची असते, आणि आजार पुष्कळ दिवसांचा.

आजार म्हटले म्हणजे जबाबदारी संपली, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. मधुमेह झाला हा माणसाचा गुन्हा नव्हे. पण पथ्य पाळणे हे त्याचेच काम आहे. येथेही तसेच आहे.

आता दोन धोक्यांच्या गोष्टी सांगते, त्या कृपा करून लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला घरात कोंडून एकाएकी दारू तोडणे हे कधी कधी जिवावर बेतते. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांचे भान हरपते, भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आले आहे असा भास होतो. आपल्याकडे अशा वेळी "बाहेरचे लागले" म्हणून मांत्रिकाला बोलावतात. भगिनींनो, ते बाहेरचे नसते, दारू तुटल्याचे असते, आणि त्यावर दवाखान्यात चांगले औषध आहे. योग्य गोळ्या, 'ब-१' जीवनसत्त्व व देखरेख मिळाली तर बहुतेक माणसे आठवडाभरात सावरतात. म्हणून दारू सोडविण्याचा दिवस डॉक्टरांना विचारून ठरवावा.

दुसरा धोका पुड्यांचा. "न सांगता दारू सोडवा", "चहात मिसळा, भाजीत मिसळा" अशा जाहिराती आपण भिंतींवर वाचतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी १९४८ साली डायसल्फिरम नावाचे औषध पुढे आणले. ते घेतलेल्या माणसाने दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, वांत्या होतात, रक्तदाब एकदम उतरतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने, रोग्याला पूर्ण कल्पना देऊन व त्याच्या संमतीने ते दिले तर काहींना त्याचा उपयोग होतो. परंतु त्याच्या नकळत ते पोटात गेले आणि वर तो दारू प्याला, तर जीवही जाऊ शकतो. निनावी पुडीत काय आहे हे तर देणाऱ्यालाही ठाऊक नसते. आणि समजा, काही अपाय झाला नाही, तरी आपल्या ताटात काही कालवले जाते हे त्याला कळले की घरावरचा त्याचा विश्वास उडतो. पुढच्या सर्व कामाला भांडवल लागते ते त्याच विश्वासाचे.

आपल्या महाराष्ट्रात हे काम विश्वासाच्या मार्गाने करून दाखविणारी एक संस्था आहे, तिची ओळख करून देते. पुण्यात १९८० नंतरच्या वर्षांत तरुण मुलांमध्ये 'गर्द' पसरली. लेखक डॉ. अनिल अवचट यांनी तिच्यावर लेखमाला लिहिली. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा ऊर्फ अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. ती लेखमाला वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी आर्थिक साहाय्य दिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. १९९७ साली सुनंदाबाई गेल्या. पुढे त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम सांभाळले.

तेथील दोन गोष्टी मला विशेष वाटतात. एक अशी, की स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली कित्येक माणसे तेथे कार्यकर्ते म्हणून काम करतात. नव्याने आलेल्या माणसाला "मीही याच खाटेवर होतो" असे सांगणारा कोणी समोर दिसला, की डॉक्टरांच्या दहा वाक्यांपेक्षा ते एक वाक्य आत जाते. दुसरी अशी, की केंद्रातील पाच आठवडे संपले म्हणजे उपचार संपला, असे ते मानीत नाहीत. घरी गेल्यावर भेटीगाठी चालू राहतात, पत्नींचे वेगळे गट भरतात, आणि दारू सुटून वर्ष झाले की वाढदिवस साजरा होतो. पाच आठवडे ही नांगरणी झाली, पीक त्यानंतरचे.

पीक म्हटल्यावर आपल्याच शेतातले उदाहरण देते. कपाशीला एक निंदण झाले म्हणून शेत हंगामभर स्वच्छ राहते का? पाऊस पडला की तण पुन्हा वर येते. तेव्हा शेतकरी "पहिले निंदण पाण्यात गेले" असे म्हणून शेत सोडून देत नाही. तो डवरा जुंपतो, बाया पुन्हा विळे घेऊन बसतात. दारू सुटल्यानंतरची पहिली दोन वर्षे ही अशा निंदण-डवरणाची असतात. २००० साली अमेरिकेतील काही नामवंत डॉक्टरांनी हिशेब मांडून दाखविला, की उपचारानंतर वर्षभरात शंभरातील चाळीस ते साठ माणसे पुन्हा व्यसनाकडे वळतात. आणि मधुमेह, दमा, रक्तदाब यांच्या रोग्यांचे पथ्य मोडून दुखणे उलटण्याचे प्रमाणही जवळपास असेच असते. दम्याचा रोगी पुन्हा दवाखान्यात आला तर आपण त्याला निर्लज्ज म्हणत नाही. औषध बदलून घेतो.

एक बाई मला आठवते. तिचे गाव मी सांगत नाही. नवऱ्याने सात महिने दारू सोडली होती. पोळ्याला बैल सजवले, तोरणाखाली नेले, आणि संध्याकाळी सोबत्यांनी "सणाचा एक घे" म्हणून हातात पेला दिला. दुसऱ्या दिवशी ती रडत आली. "बाई, सात महिने थेंब घेतला नव्हता हो यानं, अन् पोळ्याच्या दिवशी सारं पान्यात गेलं!" घरातले सगळे तेच म्हणत होते, आणि तोही तेच म्हणत होता. किंबहुना "आता गेलेच आहे, तर आणखी प्यायला काय हरकत," या विचाराने त्याने सकाळी दुसरी बाटली आणली होती. मी तिला म्हटले, "सात महिने पाण्यात गेले नाहीत. सात महिन्यांत त्याच्या यकृताला विसावा मिळाला, पोरांना बाप मिळाला, आणि दारूवाचून जगता येते हे त्याला कळले. बिघडला तो एक दिवस आहे. त्याचा दुसरा दिवस होऊ देऊ नका." दोन दिवसांनी तिने त्याला डॉक्टरांकडे आणले. गावात हसे होईल म्हणून तिने घरात लपविले असते, तर तो दुसरा दिवस दुसरे वर्ष झाला असता.

या "आता गेलेच आहे" या विचाराचा अभ्यास शास्त्रज्ञांनी केलेला आहे. ॲलन मार्लट व ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ साली या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पाय घसरणे वेगळे आणि घसरत तळाशी जाणे वेगळे, हे त्यांनी दाखवून दिले. दोहोंच्या मध्ये जी पायरी असते ती बहुधा शरमेची असते. पहिल्या पेल्यानंतर माणसाला वाटते, आपण मुळातच नालायक; आणि ती शरम बुडवायला तो दुसरा पेला घेतो. आपण घरच्यांनी नेमकी त्याच वेळी शरमेत भर घातली, तर आपण नकळत त्याला पुढच्या पायरीवर ढकलतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी, की पहिला पेला ही पडण्याची सुरुवात नव्हे, शेवट आहे. सुरुवात आधी दोन-तीन आठवडे झालेली असते. माणूस जेवणाची वेळ चुकवू लागतो. रात्री कूस बदलत राहतो. बोलेनासा होतो, किंवा क्षुल्लक गोष्टीवरून चिडतो. गोळ्या संपल्या तरी आणीत नाही. "आता मला काही होत नाही" अशी फुशारकी मारतो आणि जुन्या सोबत्यांची आठवण काढतो. ही लक्षणे डॉक्टरांच्या आधी घरच्या बाईला दिसतात. ती दिसली की भांडण न काढता सरळ विचारावे, "बरे वाटत नाही का? डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?" भूक, राग, एकटेपणा आणि थकवा हे चार चोर आहेत असे या क्षेत्रातील अनुभवी माणसे सांगतात. चौघांपैकी पहिल्याचा बंदोबस्त तर आपल्या चुलीपाशीच होतो. वेळेवर पोटभर जेवण हे सोडलेल्या माणसाला मोठे औषध आहे.

ओढ उठते तेव्हा ती कधीच संपणार नाही असे त्याला वाटते. पण ती लाटेसारखी असते. चढते आणि बहुधा अर्ध्या तासात उतरते. तेवढा अर्धा तास टळला पाहिजे. पाणी प्यावे, काही खावे, उठून चालू लागावे, विश्वासाच्या माणसाला फोन करावा. कोणाला फोन करायचा ते आधीच ठरलेले असावे. वेळेवर सुचत नाही.

आपल्या तालुक्यातील धोक्याचे दिवसही ठरलेले आहेत. पोळा आणि त्याची कर, कापूस विकून पैसा हातात येतो तो दिवस, लग्नाच्या वराती, निवडणुका. हे दिवस दिनदर्शिकेवर आधीच खुणा करून ठेवावेत. कापसाचा पैसा बँकेत जमा व्हावा आणि बाजाराला जाताना सोबत घरचे कोणी असावे, हे दोघांनी मिळून, त्याच्या संमतीने ठरवावे. संध्याकाळची वेळ मोकळी राहू देऊ नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने आपल्याकडे गावोगाव भजने चालत आली आहेत. ज्याचे सोबती दारूबरोबर सुटले त्याला नवे सोबती लागतात, आणि ते अशा ठिकाणी मिळतात.

आता घरच्या बाईविषयी. "तू नीट वागली असतीस तर तो प्याला नसता," हे वाक्य सासूच्या तोंडून, शेजारणीच्या तोंडून, कधी सख्ख्या आईच्याही तोंडून आपण ऐकतो. ते साफ चुकीचे आहे. बायको आजाराचे कारण नसते, आणि केवळ तिच्या सोसण्याने तो बराही होत नाही. तिने मदत करावी. पण त्याची उधारी फेडणे, त्याच्यासाठी खोटे बोलणे, तोंडाचा वास घेत पहारा करणे, ही मदत नव्हे. प्यालेल्या माणसाशी वाद घालू नये. जे सांगायचे ते सकाळी शुद्धीवर असताना सांगावे. आणि मारहाण सोसू नये. मारहाण हे आजाराचे लक्षण म्हणून कोणी माफ करू नये. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आपल्यासाठीच आहे. १८१ व ११२ हे क्रमांक प्रत्येकीच्या ध्यानात असू द्या. तिला स्वतःचीही बसण्याबोलण्याची जागा हवी. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या मद्यपींच्या स्वयंसाहाय्य गटांच्या मागोमाग त्यांच्या बायकांनी १९५१ साली आपले स्वतंत्र गट बांधले, ते याच कारणासाठी.

एक नाजूक गोष्ट बोलते, राग मानू नका. आपल्यापैकी कित्येक जणींच्या कनवटीला खर्ऱ्याची पुडी असते. तंबाखू हेही व्यसनच आहे. पुढचे आठ दिवस ती पुडी सोडून पाहा. तिसऱ्या दिवशी डोके कसे होते, कोणावर कारण नसताना ओरडावेसे वाटते, हे अनुभवा. ती कायमची सुटली तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका कमी होईल, हा लाभ आहेच. शिवाय "नुसते मनावर घ्यायला काय लागते," हे वाक्य आपण पुन्हा कोणाला ऐकवणार नाही. आणि दारू पिणाऱ्या स्त्रियाही असतात. त्यांना तर शरमेपायी दवाखाना दिसतच नाही. त्यांच्यासाठी आपले दार उघडे असावे.

आपल्या मंडळाने यात काय करावे? तीन लहान कामे सुचविते. पहिले, ज्यांच्या घरी हे दुखणे आहे त्या भगिनींनी आठवड्यातून एक दिवस तासभर एकत्र बसावे; तेथील शब्द तेथेच राहावा. दुसरे, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी आहेत. ही माहिती मंडळाच्या फलकावर कायम लिहिलेली असावी. पहिल्या वेळी दवाखान्यात जाताना त्या बाईबरोबर आपल्यापैकी एकीने जावे. तिसरे, ज्या घरात दारू सुटून वर्ष झाले, त्या घरी आपण सर्वांनी तिळगूळ घेऊन जावे. आणि ज्या घरात वर्ष पुरे होण्याआधी पाय घसरला, त्या घरी तर आधी जावे, आणि विचारावे, "पुन्हा कधीपासून सुरू करायचे? उद्यापासून की आजपासून?"